देव न मानणाऱ्यांची बैठक कशी बसवावी: साताऱ्यातल्या अनुभवातून

सातारा लहान गाव आहे. पोवई नाक्यावर शिंक आली तर राजवाड्यापर्यंत जाईस्तोवर दोघे जण विचारतात, "सर्दी झालीय का?" अशा गावात देव न मानणाऱ्या माणसांनी एकत्र बसायचं ठरवलं की पहिला प्रश्न "कशासाठी?" असा येत नाही. "कुणाकुणाला कळणार?" असा येतो.

आमची बैठक सात वर्षं चालू आहे. मी बँकेतून निवृत्त झाले त्याच वर्षी चौघांनी सुरू केली. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा ते बारा. वीस-बावीस जण येतात, जुलै-ऑगस्टात आठ. फलटण, विटा, सांगली इथून अधूनमधून फोन येतात, "ताई, आम्हालाही असं काही सुरू करायचंय, कुठून धरू?" दर वेळी तासभर बोलून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

अंनिस आहे की, मग हे कशाला?

साताऱ्यात हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, म्हणजे अंनिस, सुरू केली. भोंदूगिरी उघडी पाडणं, चमत्कार करणाऱ्यांना आव्हान देणं, जटा सोडवणं, जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध उभं राहणं, असं त्यांचं काम ठरलेलं आहे. देवाधर्माला विरोध नाही, त्यांच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला आहे, ही त्यांची भूमिका पहिल्यापासूनची. त्यामुळे तिथे देव मानणारे कार्यकर्तेही आहेत, आणि चांगले आहेत.

आपली बैठक वेगळ्या कामाची. देव मानत नाही, तर मुलीचं लग्न कसं लावू? वडील गेले, दहाव्याला काय करू? माझ्या ऑपरेशनसाठी आईने नवस बोललाय, तो फेडायला जाऊ का? हे मोकळेपणी बोलायला जागा नसते, ती करायची. तेव्हा गावात अंनिसची शाखा असेल तर आधी तिथल्या माणसांना भेटून या आणि सांगा की आम्ही तुमच्या आड येणार नाही. शेजारच्या गावातल्या बाबाची तक्रार घेऊन कुणी आलं की आम्ही त्याला शाखेकडे आणि पोलीस ठाण्याकडे पाठवतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे, पण पुरावा कसा धरायचा हे अनुभवी माणसालाच जमतं. आपण हौशी गुप्तहेर होऊन गेलो की बाबा सावध होतो. एकदा आमच्यामुळे झालाय, म्हणून सांगते.

नाव नंतर ठेवा

आम्ही पहिल्या तीन बैठका नावावर घालवल्या. 'नास्तिक' शब्दाला दोघांचा विरोध होता, कारण तो शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे देवाचा फोटो फेकून देणारा माणूस उभा राहतो. एका निवृत्त संस्कृतच्या सरांनी मग तासभर समजावलं, की मुळात वेदप्रामाण्य न मानणारा तो नास्तिक, म्हणजे चार्वाकाच्या पंगतीला जैन आणि बौद्धही बसतात. सगळ्यांना पटलं आणि नाव काही ठरलं नाही. निरीश्वरवादी म्हणताना जीभ अडखळते, इहवादी कुणाला कळत नाही, विवेकवादी बरं वाटतं पण 'विवेक' हे शेजारच्या मुलाचं नाव. शेवटी लोकच 'रविवारची बैठक' म्हणायला लागले, ते आजतागायत चालू आहे.

'मानवतावादी' हा शब्द मात्र हाताशी ठेवा. "ही सगळी पाश्चात्त्यांची फॅडं" असं कुणी म्हटलं की आपल्याच जिल्ह्याचा नकाशा पुढे करता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत राहून विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांचे सहकारी झाले. १९४८ साली रॉय यांनी आपला पक्ष विसर्जित केला आणि नवमानवतावादाच्या विचारप्रसाराला वाहून घेतलं, त्या विचाराचा महाराष्ट्रातला एक मोठा आधार म्हणजे हे वाईचे शास्त्रीबुवा. आगरकरांचा जन्म १८५६ साली कराडजवळच्या टेंभूचा. जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. ॲमस्टरडॅममध्ये जगभरच्या मानवतावाद्यांनी १९५२ साली आपली संघटना बांधली, त्याच्या आधीच आमच्याकडे हे सगळं होऊन गेलेलं. आणि समोरचा फारच तापला तर घटनेचं कलम ५१ क काढा. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणं हे त्यात नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून.

पहिली तीन माणसं

पोस्टर लावू नका, फेसबुकवर घोषणा करू नका. पहिली तीन माणसं हातानेच वेचावी लागतात. सोसायटीच्या गणपतीला येणारा, सगळ्यांत मागे उभा राहणारा, टाळ्या न वाजवणारा आणि खिरापतीला मात्र पहिला असणारा एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. रयत शिक्षण संस्थेतून निवृत्त झालेल्या शिक्षकांत असे बरेच सापडतात. नोंदणी पद्धतीने लग्न केलेली जोडपी, देहदानाचा फॉर्म भरून ठेवलेले आजी-आजोबा, वाचनालयात रोज एकाच खुर्चीत बसणारे काका.

"तुम्ही देव मानता का?" असं तोंडावर विचारलं की माणूस गोगलगायीसारखा आत जातो. मी विचारते, "तुमच्याकडे वडिलांचं दिवसकार्य कसं केलंत?" याला साताऱ्यात कुणीही उत्तर देतं, आणि त्या उत्तरात सगळं येतं. "भावाने केलं, मी नुसता उभा होतो" असं कुणी म्हणालं की समजावं, हा आपला.

तिघं जमली की सुरू करा. दहा होईपर्यंत थांबायचं म्हणणारे लोक अजून थांबलेले आहेत.

जागा आणि वार

घरी बैठक घेऊ नका. घर म्हटलं की चहा आला, चहा म्हटलं की त्या घरातली बाई स्वयंपाकघरात गेली, आणि बाहेर चार पुरुष स्त्रीमुक्तीवर बोलत बसले. आमची दुसरी बैठक नेमकी अशीच झाली. शिवाय बहुतेक घरांत देवघर असतंच, आणि ते ज्यांचं आहे त्या सासूबाईंना आपल्याच घरात अवघडायला लावणं बरं नाही.

एका संस्थेने आम्हाला दोन महिने हॉल दिला. तिसऱ्या महिन्यात "विश्वस्तांना विचारावं लागेल" सुरू झालं. विश्वस्तांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, आणि कुलूप काही उघडलं नाही. तेव्हापासून अर्जात खरं तेच लिहितो. 'धर्मनिरपेक्ष विषयांवर चर्चा व वाचन, अंदाजे वीस माणसं.' तोंडी विचारलं तर तोंडी स्पष्ट सांगतो. भाडं थोडं का असेना, देतो आणि पावती घेतो. पावती असली की आपण कुणाच्या उपकारात नसतो.

सध्या एका खाजगी क्लासची खोली मिळालीय, रविवारी सकाळी रिकामी असते. बाकं पाचवीच्या मुलांची आहेत. गुडघे वर येतात, पण त्यामुळे कुणी फार लांबण लावत नाही.

सकाळी दहाची वेळ ठरवण्यामागे एसटी आहे. रहिमतपूर, कोरेगाव, मेढ्याहून येणाऱ्यांना साडेनऊपर्यंत स्टँडवर उतरता येतं आणि जेवायला घरी पोचता येतं. संध्याकाळची बैठक ठेवली तेव्हा एकही बाई आली नाही. तारीख हलवू नका. "या महिन्यात दोघांना जमत नाही, पुढचा रविवार घेऊ" असं एकदा केलं की पुढच्या महिन्यात चौघं विचारतात, नक्की कधी आहे? गौरी-गणपतीत दुसरा रविवार आला तर तेव्हाही घेतो. पाच जण असतात, आणि ती बैठक कधीकधी सगळ्यांत चांगली होते.

चहा थर्मासमध्ये येतो. कप विसळायची पाळी वहीत लिहिलेली असते, नावं अकारविल्हे. हे फार किरकोळ वाटेल, पण एवढ्या एका गोष्टीवरून आमच्याकडे तीन बायका टिकल्या, असं त्या स्वतः सांगतात.

पहिल्या बैठकीत काय करायचं

आमच्या पहिल्या बैठकीला पाच माणसं होती. त्यातलं एक योगवर्ग समजून सतरंजी घेऊन आलेलं. ते गृहस्थ चहा पिऊन गेले, पुढच्या महिन्यात परत आले आणि आज हिशेब तेच बघतात.

प्रत्येकाने आपण इथवर कसे आलो ते सांगायचं. यात एकच धोका आहे, माणसं थांबत नाहीत. वर्षानुवर्षं कुणाशी बोललेली नसतात, बांध फुटतो. मोबाइलवर सात मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की खरंच थांबवा. व्याख्याता बोलावू नका. व्याख्यान झालं की माणसं श्रोते होतात आणि टाळ्या वाजवून निघून जातात.

"देव आहे का?" हा विषय तीन बैठकांत संपतो, कारण सगळ्यांचं आधीच एकमत असतं. चौथ्या बैठकीला जे गट असाच विषय चघळतात त्यांची वर्षाच्या आत उपस्थिती घसरते, हे मी दोन गावांत पाहिलंय. मग विषय कुठले? आम्ही घेतलेले काही सांगते. मृत्युपत्र कसं करायचं, नोंदणी लागते की नाही (सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतातच). मुलाने शाळेत "बाप्पाने जग बनवलं" ऐकून आल्यावर काय बोलायचं. सर्पदंश: नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार विषारी नावं, चौघांच्या विषावर चालणारं एकच प्रतिविष आणि देवळात न थांबता गाठायचं सरकारी रुग्णालय. त्या दिवशी मेढ्याकडच्या दोन शेतकऱ्यांनी जेवढे प्रश्न विचारले, तेवढे प्रश्न देवाच्या अस्तित्वावर कधीच कुणी विचारलेले नाहीत.

व्हॉट्सॲप

गट दोन करा. एकात फक्त सूचना, मेसेज फक्त अ‍ॅडमिनचे. दुसऱ्यात गप्पा, ज्याला हवं त्याने यावं. देवदेवतांवरचे विनोद दोन्हीकडे बंद. यावर आमच्याकडे कडाक्याचं भांडण झालं. एका उत्साही दादांनी गणपतीवरचं व्यंगचित्र टाकलं, ते एका सदस्याच्या बायकोने त्याच्या फोनवर पाहिलं, आणि त्या घरात महिनाभर अबोला. दोघे गट सोडून गेले, व्यंगचित्रवाले दादाही गेले, कारण त्यांना म्हणे अभिव्यक्तीवर बंधन नको होतं. मला वाईट वाटलं ते पहिल्या दोघांचं.

कायद्याची बाजूही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली, धार्मिक भावना दुखावण्यासाठी जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने केलेल्या कृत्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. टीका करणं गुन्हा नाही, पण फॉरवर्ड केलेल्या फाजीलपणासाठी पोलीस ठाण्याच्या बाकावर रविवार घालवायची कुणाची तयारी असते?

आडनाव

आपल्याकडे ओळख करून देताना नाव, आडनाव, गाव या क्रमाने विचारतात आणि आडनाव कळलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीकसा बदल होतो. देव सोडलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरही होतो. जात ही देवापेक्षा चिवट असते, हे आम्ही दुसऱ्या वर्षी कबूल केलं, जेव्हा कुणीतरी हजेरीची वही चाळून म्हणालं, "आपण सगळे तीन-चार जातींचेच आहोत की." तेव्हापासून वहीत फक्त पहिलं नाव आणि गाव. शिवाय ठरवून गोडोली, करंजे, सदर बझार अशा वेगवेगळ्या वस्त्यांत जाऊन माणसं भेटलो. घरून बैठकीला येणं ज्यांना सगळ्यांत अवघड अशा दोन मुस्लिम मुली आता येतात. त्यांचं नाव कुठेही छापत नाही, फोटोत घेत नाही.

बौद्ध सभासदांशी झालेली चर्चा तर मला कायमची आठवेल. एक ताई म्हणाल्या, "मी निधर्मी नाही. माझा धम्म आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घरात भिंतीवर आहेत. पण देव मानत नाही, तर मला इथे जागा आहे का?" आहे. जो दारात येईल त्याची परीक्षा घ्यायला आपण काही धर्मपीठ नव्हे.

घरातली माणसं

बैठकीला येणाऱ्या बहुतेकांच्या घरात देव आहेत, आणि ते तिथेच राहणार आहेत. नवीन माणूस सुरुवातीला भलताच कडक असतो. प्रसाद घेत नाही, हळदीकुंकवाला बायकोला अडवतो. अशांना आम्ही जुन्या सभासदांजवळ बसवतो. आमच्यातले एक डॉक्टर दर वर्षी लोणंदला माउलींची पालखी येते तेव्हा दोन दिवस वारकऱ्यांच्या पायांचे फोड बघायला बसतात. त्यांना कुणीतरी विचारलं, तुमच्या तत्त्वात हे बसतं का? ते म्हणाले, "फोडाला कुठे तत्त्व असतं?" आणि पुढचा पाय मागितला.

फॉर्मवर धर्माचा रकाना आला की काय लिहायचं, हेही घराघरांत विचारलं जातं. आपला धर्म जाहीर करायची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही, 'कोणताही धर्म नाही' असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली दिलाय. मात्र मुलांच्या शाळेच्या दाखल्यात काही बदल करण्याआधी वकिलाला विचारा. पुढे जातीच्या प्रमाणपत्राशी त्याची गाठ पडते.

माणूस गेल्यावर

बैठक खरी कसाला लागते ती इथे. बाकी सगळं पुस्तकं वाचूनही भागतं.

सदर बझारमधले आमचे एक काका रात्री अडीच वाजता गेले. वय अठ्ठ्याहत्तर. काकूंनी मला फोन केला. नेत्रदान आणि देहदान दोन्ही ठरलेलं होतं. मी पोचले तोवर काकूंनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलेलं: पापण्या मिटवून वर ओला कापूस, पंखा बंद, डोक्याखाली उशी. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला पहिला फोन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, वय कितीही असलं तरी चालतं. ती माणसं दीड तासात आली आणि वीस मिनिटांत काम करून गेली.

चारच्या सुमाराला शेजारच्या आजी तुळशीचं पान आणि गंगेच्या पाण्याची लोटी घेऊन आल्या. आमच्यातला एक कडक कार्यकर्ता पुढे सरसावला. काकूंनी त्याला हातानेच थांबवलं आणि आजींना म्हणाल्या, "त्यांना काही नको होतं. पण तुम्हाला बरं वाटणार असेल तर ठेवा." आजींनी पान ठेवलं. कार्यकर्ता माझ्याकडे बघून म्हणाला, "मग तत्त्वाचं काय?" मी त्याला दूध आणायला पिटाळलं.

देहदानाला मृत्यूचा दाखला डॉक्टरांकडून लागतो, आधार कार्ड लागतं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. फॉर्म भरलेला असला तरी ऐनवेळी मुलगा नाही म्हणाला की संपलं, तेव्हा मुलांशी आधीच बोला. अपघाती मृत्यू, शवविच्छेदन झालेला देह किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर महाविद्यालय नाकारतं, म्हणून दुसरी सोयही ठरवून ठेवा. साताऱ्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिरजेलाही आहे, आणि कराडला खाजगी आहे. तिन्ही ठिकाणच्या शरीररचनाशास्त्र विभागांचे नंबर हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

आमची चूक पुढे झाली. नऊ वाजता रुग्णवाहिका आली, काकांना नेलं, आणि दारात साठ-सत्तर माणसं नुसती उभी राहिली. "माहुलीला किती वाजता?" असं विचारत आलेली ती माणसं. माहुलीच्या स्मशानात जायचंच नव्हतं. खांदा द्यायला नाही, लाकडं नाहीत, पाणी द्यायचं नाही. कुणाच्याच हाताला काम नाही. लोक चुळबुळले आणि पाच मिनिटांत पांगले. काकूंना तो रिकामा रस्ता अजून आठवतो, त्यांनी मला सांगितलंय.

त्या दिवसानंतर आम्ही असं करतो. गाडी येण्याआधी अर्धा तास सगळ्यांना अंगणात किंवा पार्किंगमध्ये बोलावतो. घरातलं एक माणूस दोन-तीन मिनिटं बोलतं, नाही जमलं तर आमच्यातलं कुणी त्यांनी लिहून दिलेलं वाचतं. मग एकेक जण पुढे येऊन एक फूल ठेवतो. गाडीपर्यंत खांद्यावरूनच नेतो, वीस पावलं का असेनात. गाडी वळेपर्यंत कुणी हलत नाही.

अग्नी द्यायचाच ठरला तर माहुलीच्या स्मशानभूमीत विधीविना देता येतो, आधी सांगून ठेवा. रक्षा नदीत न सोडता शेतात झाडाच्या खड्ड्यात घालायची पद्धत आपल्या भागात आता बऱ्यापैकी रुळली आहे. रक्षा थोडीच आणि भरपूर मातीत कालवून घाला, नाहीतर क्षाराने रोप करपतं.

पुढचे अकरा दिवस डबे. मृत्यूच्याच दिवशी कागदावर अकरा रकाने आखायचे आणि बारा वाजेपर्यंत भरून घ्यायचे. भावकी, पाहुणे सुतक पाळायला येऊन बसतात त्यामागे सोबत असते. ती पद्धत सोडायची असेल तर सोबत आपण द्यायला हवी.

दहाव्या दिवशी घाटावर कावळा शिवेपर्यंत सगळे थांबतात. मला त्यातलं ते थांबणं आवडायचं, अगदी लहानपणापासून. भांडलेले भाऊही तासभर एका दिशेला बघत गप्प उभे असतात. आम्ही दहाव्या दिवशी स्मरणसभा घेतो, चाळीस मिनिटं. तीन माणसं बोलतात आणि त्यातल्या एकाने गेलेल्या माणसाचा एखादा हट्ट, एखादी खोड सांगायचीच असा नियम आहे. काकांच्या वेळी त्यांच्या मित्राने सांगितलं की हा माणूस कॅरममध्ये राणी पडली नाही तर बोर्ड हलवायचा. मुलगी रडता रडता हसली. नंतर पाच मिनिटं शांत बसतो. कुणाच्या तोंडून "आत्म्यास शांती लाभो" निघून जातं. जाऊ द्यावं.

लग्न

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल तर दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस दिल्यावर ती ३० दिवस कार्यालयात लावली जाते, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करावं लागतं. मुलगा २१, मुलगी १८. ही नोटीस कुणीही वाचू शकतं, त्यामुळे घरचा विरोध असेल तर आधी वकील आणि मग तारीख. दोन वेगळ्या धर्मांचे असतील तर वारसाहक्काचे नियम बदलू शकतात, तेही विचारून घ्या.

अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकमेकांना आपल्या भाषेत एकच वाक्य म्हणायचं असतं, की मी तुला कायदेशीर पत्नी किंवा पती म्हणून स्वीकारतो. आमच्याकडची एक जोडी ते वाक्य दोन महिने पाठ करत होती आणि ऐनवेळी मुलगा नाव विसरला. संध्याकाळी पाहुण्यांसमोर तेच वाक्य परत म्हणतात, दोघांनी स्वतः लिहिलेली वचनं वाचतात, आणि जेवण. सत्यशोधक पद्धतीचंही आकर्षण असतं आणि साताऱ्याला ती परकी नाही. पण जोतीरावांच्या पद्धतीत 'निर्मिक', म्हणजे जग निर्माण करणारा, आहे, हे आधी सांगा. आमच्याकडे एका नवऱ्या मुलाने त्यावरून हट्ट धरला होता. १९४३ नंतरच्या पत्री सरकारच्या काळात याच भागात हुंड्याशिवाय, बँडबाज्याशिवाय कमी खर्चाची 'गांधी लग्नं' लागली. ती आठवण गावाकडच्या आजोबांना सांगितली की निम्मा विरोध विरघळतो.

पैसे, नोंदणी, भीती

महिन्याला पन्नास रुपये, ज्याला जमेल त्याने. हिशेब दर बैठकीच्या शेवटी मोठ्याने वाचायचा, चहाच्या पुडीसकट. नोंदणीची घाई करू नका. दोन वर्षं टिकलात तर करा. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात, आणि अर्ज घेऊन जावं लागतं ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. देव न मानणाऱ्यांच्या संस्थेची फाइल 'धर्मादाय'च्या कपाटात! तिथल्या कारकुनालाही हसू आलं होतं.

२० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. त्यामुळे साताऱ्यातल्या आया आजही म्हणतात, "दाभोलकरांचं काय झालं ठाऊक आहे ना?" या भीतीला हसू नका. घरचे पत्ते, फोटो, सभासदांची यादी बाहेर जाऊ देऊ नका. नवीन माणसाला दोघांनी आधी बाहेर चहाला भेटावं. धमकी आली तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. भावकीने किंवा जातीने वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तिथे अंनिसच्या लोकांची मदत घ्या. आमच्या सात वर्षांत प्रत्यक्षात आलेला सगळ्यांत मोठा त्रास म्हणजे एका सभासदाच्या गाडीची हवा सोडणं, आणि ती कुणी सोडली हे आम्हाला माहीत आहे. पार्किंगवरून भांडण होतं.

राहिली एक गोष्ट, खोलीची किल्ली. ती दोघांकडे ठेवा. एकदा हिशेबवाले काका लेकीकडे पुण्याला गेले आणि किल्ली खिशात. जूनचा दुसरा रविवार, पाऊस, चौदा माणसं जिन्यात. एक ताई थर्मास घेऊन पायरीवर बसल्या आणि तिथेच बैठक झाली. विषय होता मृत्युपत्र.